पहिलं सत्र आणि कोसळलेले मार्क: विज्ञानसंस्थेतल्या मुलांचे प्रश्न

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतात, सप्टेंबर सरता सरता मिडसेमचे (सत्राच्या मध्यावरच्या परीक्षेचे) पेपर तपासून हातात येतात आणि आमच्याकडे पत्रांची रीघ लागते. यंदाची बरीच पत्रं आयसर, भुवनेश्वरची नायसर, मुंबईच्या कलिना संकुलातलं सेब्स अशा विज्ञानसंस्थांत पहिल्या वर्षाला असलेल्या मुलामुलींची आहेत, काही त्यांच्या आईवडिलांची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत.

आयएटीला (आयसरच्या प्रवेशपरीक्षेला) रँक चांगली होती, बारावीला गणितात ९८ होते. मिडसेमला गणितात ३० पैकी ११ मिळाले. टीए (शिकवायला मदत करणारे सिनियर) म्हणतात पेपर सोपा होता. मी इतका कच्चा आहे का? (लातूरहून पुण्याला आलेला विद्यार्थी)

कच्चा नाहीस, पण तुझा सराव वेगळ्या खेळाचा आहे. आयएटीला १८० मिनिटांत ६० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला तीन मिनिटं. बरोबरला चार गुण, चुकलं तर एक वजा. दोन वर्षं हेच केल्यावर हात एक गोष्ट पक्की शिकतो: उत्तर दिसलं की पुढे सरक. इथे पेपरात पाच-सहाच प्रश्न असतात, उत्तर बहुधा प्रश्नातच दिलेलं असतं आणि गुण असतात ते तिथपर्यंत तू कसा पोचलास याला.

पहिल्या महिन्यात हमखास येणारा प्रश्न घेऊ. क्ष जसा २ कडे जातो तशी क्ष² ची सीमा ४ आहे हे एप्सिलॉन-डेल्टा व्याख्येवरून सिद्ध करा. बारावीत हे एका ओळीत संपायचं: २ घाला, ४ आले. इथे त्या ओळीला शून्य गुण आहेत. एप्सिलॉन म्हणजे क्ष² ला ४ च्या किती जवळ आणायचं तो आकडा, डेल्टा म्हणजे त्यासाठी क्ष ला २ च्या किती जवळ ठेवायचं तो. कुणीही कितीही लहान एप्सिलॉन दिला तरी त्याच्यासाठी डेल्टा काढून दाखवायचा आहे.

बहुतेकांची चूक इथे होते. |क्ष² − ४| म्हणजे |क्ष − २| गुणिले |क्ष + २|, इथपर्यंत सगळे येतात. मग लिहितात, डेल्टा = एप्सिलॉन भागिले |क्ष + २|. हे चालत नाही, कारण डेल्टा क्षवर अवलंबून राहिला. डेल्टा आधी ठरवायचा असतो, क्ष त्यानंतर येतो. म्हणून आधी स्वतःवर एक बंधन घालायचं: डेल्टा १ पेक्षा मोठा घेणार नाही. मग क्ष हा १ आणि ३ च्या मध्ये अडकतो, क्ष + २ हा ३ आणि ५ च्या मध्ये, म्हणजे कधीच ५ च्या वर नाही. आता डेल्टा म्हणून १ आणि एप्सिलॉन/५ यांतला लहान आकडा घे. |क्ष² − ४| हा ५ गुणिले एप्सिलॉन/५ पेक्षा लहान, म्हणजेच एप्सिलॉनपेक्षा लहान. झालं. गणित आठवीतलं आहे, अवघड आहे तो क्रम: कोण आधी, कोण नंतर, कोण कुणावर अवलंबून.

तुझी उत्तरपत्रिका काढ आणि लाल शेऱ्यांची तीन गटांत विभागणी कर. व्याख्याच चुकीची किंवा अर्धवट लिहिली. जे सिद्ध करायचं तेच मधे गृहीत धरलं. एक-दोन उदाहरणं तपासून ‘म्हणून सिद्ध’ लिहिलं. पहिला गट मोठा असेल तर उपाय सर्वांत सोपा आहे. प्रत्येक व्याख्या पुस्तक मिटून, ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’ हे शब्द जागच्या जागी ठेवून, कोऱ्या कागदावर लिहायची. जमली की त्याच व्याख्येचा नकार लिहायचा: सीमा ४ *नाही* म्हणजे नेमकं काय? नकार बरोबर लिहिता आला तरच व्याख्या समजली असं धर.

आता रोजचं. असाइनमेंट ज्या दिवशी मिळते त्याच रात्री सगळे प्रश्न नुसते वाचून काढ आणि दोन सोडव. अडलं तर अर्धा तास एकट्यानं झगड. नंतर कुठे अडलं ते एका पूर्ण वाक्यात लिही. ‘काही कळत नाही’ हे वाक्य चालणार नाही. ‘डेल्टा १ पेक्षा लहान का घ्यायचा ते कळत नाही’ हे चालेल. ते वाक्य घेऊन ट्यूटोरियलला जा. टीएला तुझं अडलेलं ठिकाण दिसलं तर दोन मिनिटांत गाडी पुढे सरकते, नाहीतर तो पूर्ण प्रश्न फळ्यावर सोडवून देतो आणि तुझ्या पदरात आणखी एक पाठ करण्याजोगं उत्तर पडतं. मित्रांबरोबर चर्चा जरूर कर, पण उठताना त्यांचा कागद सोबत आणू नकोस. दुसऱ्या दिवशी एकट्यानं बसून ते प्रूफ पुन्हा लिहायचं. लिहिता आलं नाही तर ते आदल्या रात्री समजलं नव्हतं, नुसतं पटलं होतं.

‘सोल्युशन’ म्हणून फिरणाऱ्या सिनियरांच्या पीडीएफ वाईट नसतात, पण त्या उघडायच्या तुझं लिहून झाल्यावर.

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लंबकावरून जी (गुरुत्वीय त्वरण) काढला, माझं उत्तर अगदी ९.८ आलं, तरी जर्नलला १० पैकी ५. शेजारच्याचं १०.२ आलं आणि त्याला ८. हा कुठला न्याय? (कोल्हापूर)

सरळ न्याय आहे. तपासणाऱ्याला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण माहीत आहे, ते तुझ्याकडून शिकायचं नाहीये. तू काय मोजलंस आणि त्या मोजण्यावर किती विश्वास ठेवायचा हे त्याला हवं आहे. नुसतं ‘९.८’ हे उत्तर अर्धवट आहे. ‘९.८ अधिक-उणे ०.१’ हे पूर्ण.

साध्या लंबकाचंच बघू. लांबी १ मीटर, म्हणजे एका आंदोलनाला साधारण २ सेकंद. स्टॉपवॉच शंभरांश सेकंद दाखवतं, पण बोट तितकं चपळ नसतं. सुरू-बंद करण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. एकच आंदोलन मोजलं तर २ सेकंदांत ०.२, म्हणजे १० टक्के चूक. जीच्या सूत्रात काळाचा वर्ग आहे, म्हणून ती दुप्पट होऊन २० टक्के. तेच २० आंदोलनं मोजली तर ४० सेकंदांत ०.२, म्हणजे अर्धा टक्का, वर्गामुळे एक टक्का. लांबी मीटरपट्टीनं १ मिलिमीटरपर्यंत मोजलीस तर तिची चूक ०.१ टक्का. म्हणजे एकूण साधारण एक टक्का, आणि ९.८ चा एक टक्का ०.१. हा हिशोब जर्नलात हवा होता. त्यातून आणखी एक गोष्ट कळते: लांबी अजून बारकाईनं मोजण्यात अर्थ नाही, सुधारायचा तो वेळ. ५० आंदोलनं मोज.

उत्तर भलतंच आलं तर ते पुसू नकोस, त्याच्याकडे नीट बघ. चूक कुठे झाली ते बहुधा तो आकडाच सांगतो.

जी १०.८ च्या आसपास आला तर मोजणी ‘शून्य’ऐवजी ‘एक’पासून सुरू झाली आहे. प्रत्यक्षात १९ आंदोलनं झाली आणि भागलं २० नं. काळ ५ टक्के कमी, म्हणून जी जवळपास ११ टक्के जास्त. ही चूक दर वर्षी दर बॅचमध्ये होते.

९.७ आला आणि गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर असेल, तर लांबी फक्त दोऱ्याची घेतली असणार. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत घ्यायची.

९.५ च्या खाली गेला तर लंबक फार ताणून सोडला असेल. १० अंशांपर्यंत काळ फक्त ०.२ टक्क्यांनी वाढतो, ३० अंशांना मात्र १.७ टक्क्यांनी, आणि जी साडेतीन टक्क्यांनी घसरतो. वेळ मोजायला सुरुवात टोकाला नाही, मधल्या बिंदूपाशी करायची. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका क्षण पकडता येत नाही. मधे तो सर्वांत वेगात जातो.

जर्नल भरण्याची सवयही बदलावी लागेल. कच्च्या वहीतून पक्क्या वहीत सुंदर अक्षरात उतरवणं बारावीला चालायचं, इथे ते संशयास्पद दिसतं. रीडिंग थेट वहीत, पेननं, चुकलं तर एक आडवी रेघ आणि बाजूला कारण. खोडरबर घरी ठेव. उत्तर आधी ठरवून रीडिंग मागून बसवली असतील तर ती ओळखू येतात. खरी रीडिंग थोडी विस्कटलेलीच असतात. आणि दुसऱ्याची रीडिंग आपली म्हणून लिहिणं हा इथे गैरप्रकार धरला जातो, त्यावर कारवाई होते.

केमिस्ट्रीच्या लॅबबद्दलही पाच-सहा जणांनी लिहिलं आहे, म्हणून टायट्रेशनचं इथेच. ब्युरेट ज्या द्रावणानं भरायचा त्याच द्रावणानं दोनदा विसळ, शंकूपात्र मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं. शंकूपात्र द्रावणानं विसळलं तर भिंतीला चिकटलेले थेंब मोजणीत नसतात पण अभिक्रियेत असतात, आणि रीडिंग जास्त येतं. नरसाळं काढून घे, नाहीतर त्यातला थेंब अर्ध्या वाटेत ब्युरेटमध्ये पडतो. तोटीखालचा हवेचा बुडबुडा सुरुवातीलाच घालव. पिपेटच्या टोकाला उरलेला थेंब फुंकून काढू नकोस, तो धरूनच पिपेटवर खूण केलेली असते. ०.१ मिलिलिटरच्या आत जुळणारी तीन रीडिंग आल्याशिवाय थांबायचं नाही.

अकरावीत मॅथ्स सोडलं होतं, बायोलॉजी ठेवलं. आता दोन्ही सक्तीचे आहेत. वर्गातला अर्धा भाग डोक्यावरून जातो. (सातारा) / अकरावीत बायोलॉजी सोडलं, आता पाठांतर जमत नाही. (ठाणे)

साताऱ्याला आधी. रोज एक तास, सहा आठवडे, आणि हे ‘वेळ मिळेल तसं’ होत नाही. पहिला आठवडा आलेख हातानं काढण्यात घालव: साइन, लॉग, घातांकी, १/क्ष. दुसरा-तिसरा विकलनाचा, गुणाकाराचा, भागाकाराचा आणि साखळीचा नियम, रोज वीस उदाहरणं, उत्तर मागे तपासून. चौथा-पाचवा संकलनाचा, त्यात बदली आणि खंडशः एवढंच पुरे. सहाव्यात सदिश, मॅट्रिक्स आणि काल्पनिक संख्यांची तोंडओळख. बालभारती किंवा एनसीईआरटीचं पुस्तक घे, दोन्ही नेटवर फुकट आहेत. क्लासची जाडजूड गाइडं नकोत, त्यात प्रवेशपरीक्षेच्या युक्त्याच भरलेल्या असतात. एक दिलासा असा की एप्सिलॉन-डेल्टा बहुतेक मॅथ्सवाल्यांनाही नवंच आहे. तिथे तुम्ही सगळे एकाच रेघेवर उभे आहात.

ठाण्याच्या पत्रातला ‘पाठांतर’ हा शब्द सोडून दे. पेपरात प्रयोग देतात आणि निष्कर्ष विचारतात. डीएनएची नक्कल कशी होते हे दाखवणारा मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ सालचा प्रयोग घे. जिवाणू जड नायट्रोजनवर वाढवले, मग हलक्या नायट्रोजनवर आणले. एका पिढीनंतर डीएनएचा एकच, मधल्या वजनाचा पट्टा दिसला; दोन पिढ्यांनंतर दोन सारखे पट्टे, एक मधला, एक हलका. प्रश्न येतो: तिसऱ्या पिढीनंतर काय दिसेल? आठ रेणूंपैकी दोनांतच जुना धागा, म्हणून मधला पट्टा २५ टक्के, हलका ७५. पुढचा प्रश्न: जुना रेणू तसाच राहून शेजारी पूर्ण नवा तयार होत असता तर पहिल्या पिढीनंतर काय दिसलं असतं? दोन पट्टे, एक जड, एक हलका. यात पाठ करण्यासारखं काय होतं? पेशी, पेशीविभाजन आणि आनुवंशिकतेचा रेणवीय पाया ही एनसीईआरटीची प्रकरणं दोनदा वाच आणि प्रत्येक आकृतीला विचार, ‘कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) कुठे आहे, आणि तो नसता तर?’

दहावीपर्यंत मराठी माध्यम. लेक्चरमध्ये लिहायला घेतलं की ऐकू येत नाही, ऐकलं की लिहून होत नाही. प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही. (परभणी)

पहिल्या दोन रांगांत बस. फळ्यावरचं सगळं उतरवू नकोस. वहीच्या पानाला डावीकडे चार बोटं समास सोड आणि जिथे धागा सुटला तिथे समासात नुसतं प्रश्नचिन्ह टाक. त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, त्या प्रश्नचिन्हांपाशी पुस्तक उघडून भर. दुसऱ्या दिवसावर टाकलंस तर त्या खुणांचा अर्थ तुझा तुलाच लागणार नाही.

प्रूफ मित्राला मराठीतच समजावून सांग, बेलाशक. लिही मात्र इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. व्याकरण चुकल्याचे गुण सहसा कुणी कापत नाही; पायरी गाळल्याचे कापतात. वर्गात हात वर होत नसेल तर लेक्चर संपल्यावर फळ्यापाशी जा आणि बोट ठेवून विचार, ‘या ओळीवरून या ओळीवर कसं?’ एवढं इंग्रजी तुला नक्की येतं. सप्टेंबरमध्ये घशात अडकणारे प्रश्न जानेवारीत सुटू लागतात, हे आम्ही इतक्यांच्या बाबतीत पाहिलं आहे की त्याची काळजी करणं सोडलं आहे. काळजी वाटते ती गप्प बसून सगळं युट्यूबवर शोधणाऱ्यांची.

पहिल्या सेमिस्टरला दहापैकी ६ ग्रेड आली तर पुढे परदेशी पीएचडीचं दार बंदच का? रिलेटिव्ह ग्रेडिंग (वर्गाच्या तुलनेत ग्रेड) म्हणजे मित्रच शत्रू झाले. (नाशिक)

हिशोब मांडू. दहा सेमिस्टर, क्रेडिट सारखे धरले, पहिल्याला ६ आणि उरलेल्या नवांत ८, तर शेवटी ७.८. पहिल्या सेमिस्टरची किंमत ०.२. दार बंद होत नाही. शिवाय पीएचडीला घेणारे शेवटच्या दोन वर्षांचे विषय, प्रोजेक्ट आणि शिफारसपत्रं बारकाईनं वाचतात.

सेमिस्टरच्या आतला हिशोबही कर. समज, चार क्रेडिटचे चार विषय, ग्रेड ५, ७, ८, ६; आणि तीन क्रेडिटची लॅब, ग्रेड ९. चार गुणिले २६ म्हणजे १०४, अधिक २७, एकूण १३१; भागिले १९, म्हणजे ६.८९. गणित ५ वरून ६ वर नेलंस तर ०.२१ वाढतात. लॅबमध्ये नियमितपणानं मिळणारे ९ मात्र अनेक जण आळसानं ७ वर आणतात आणि ०.३२ घालवतात. प्रॅक्टिकल बुडवू नये याचं यापेक्षा चांगलं कारण आम्हाला सापडलेलं नाही.

रिलेटिव्ह ग्रेडिंगमध्ये ३० पैकी ११ हा आकडा एकटा काही सांगत नाही. वर्गाची सरासरी १२ असेल तर तू मधोमध आहेस, २२ असेल तर धोक्यात. सरासरी विचार. दीडदोनशेच्या वर्गात एका मित्राला शिकवल्यानं तुझी ग्रेड घसरत नाही, उलट शिकवताना तुझी भोकं उघडी पडतात. इन्स्पायर शिष्यवृत्ती असेल तर ती चालू राहण्यासाठी गुणांची अट असते. ती अट अकॅडमिक ऑफिसातून आत्ताच लिहून घे, निकालानंतर नको.

मुलगी फोनवर रडते, घरी यायचं म्हणते. अकराला उठते, नाश्ता चुकतो. रागवावं की घेऊन यावं? (एक आई, अकोला)

रागवू नका, आणि लगेच घेऊनही येऊ नका. पहिले दीड-दोन महिने रडू येणं साहजिक आहे. वर्गात पहिली येणारी मुलगी अशा वर्गात जाऊन बसली आहे जिथे सगळेच आपापल्या गावचे पहिले आहेत.

फोनवर मार्क विचारू नका. तीनच गोष्टी विचारा: काल किती वाजता झोपलीस, आज काय काय खाल्लंस, कुणाशी बोललीस. अकराला उठणं बहुतेक वेळा रात्री तीनला झोपण्याचं शेपूट असतं. हॉस्टेलला रात्री एकपर्यंत गजबज असते, मग असाइनमेंट उघडते, सकाळचं नऊचं लेक्चर बुडतं, ते भरून काढायला पुन्हा रात्र. हे चक्र झोपण्याच्या वेळेकडून तुटत नाही, उठण्याच्या वेळेकडून तुटतं. सलग दहा दिवस, रविवारसुद्धा, साडेसातला उठून मेसमध्ये नाश्ता. झोप कधीही लागलेली असो. सकाळी तुम्ही फोन करा, ती मदत मुलं मनावर घेत नाहीत असं दाखवतात पण त्यांना हवी असते. चार दिवस घरी येण्याची तारीख आत्ताच ठरवून टाका.

मात्र पुढचं दिसलं तर वाट पाहायची नाही: दोन आठवड्यांहून जास्त रोजचं रडणं किंवा उदासी, सलग दोन प्रॅक्टिकल बुडणं, जेवण सुटणं, खोलीबाहेर न पडणं, फोन टाळणं. संस्थेच्या समुपदेशकाची वेळ तिला घ्यायला सांगा, फॅकल्टी मेंटरला (तिच्यासाठी नेमलेल्या प्राध्यापकाला) तिनं मेल करावा. जमत नसेल तर तुम्ही वॉर्डनशी बोला. जगण्याचा कंटाळा आल्याचं ती एकदा जरी बोलली, तरी त्याच क्षणी वॉर्डनला फोन करून कुणाला तरी तिच्याजवळ थांबवा आणि पहिल्या गाडीनं निघा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो. एखादा विषय पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, आजारपणाची रजा कशी मिळते, हे नियम जवळपास सगळीकडे असतात. अर्ज मात्र परीक्षेआधी आणि डॉक्टरांच्या कागदासह द्यावा लागतो. नापास झाल्यावर दिलेलं सर्टिफिकेट फार ठिकाणी धरत नाहीत.

लॅपटॉप कुठला घेऊ? कोडिंग कधीच केलेलं नाही. आणि लॅब कोट ऑनलाइन मागवू का? (रत्नागिरी)

८ जीबी रॅम चालते, १६ असेल तर पाच वर्षं बघायला नको. ग्राफिक्स कार्ड नको. त्यानं वजन वाढतं, बॅटरी लवकर संपते. पैसे उरले तर चांगल्या कीबोर्डच्या मॉडेलवर घाल आणि दर रविवारी पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर बॅकअप घे.

पायथॉन ही कोडिंगची भाषा शून्यातून शिकवतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना गोंधळवणारी गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: पायथॉनला ०.१ + ०.२ बरोबर ०.३ आहे का विचारलंस तर ‘नाही’ म्हणतो, कारण आत बेरीज ०.३०००००००००००००००४ होते. संगणक दशांश आकडे दोनच्या घातांत साठवतो, त्यात ०.१ नेमका बसत नाही. म्हणून दशांश आकड्यांची तुलना ‘बरोबर आहे का’ अशी न करता ‘फरक अमुक इतक्यापेक्षा लहान आहे का’ अशी करायची. एरर आली तर शेवटची ओळ आधी वाच, चूक कुठल्या प्रकारची आहे ते तिथेच लिहिलेलं असतं.

लॅब कोट सुतीच घे, पूर्ण बाह्यांचा. टेरिकॉटचा स्वस्त मिळतो, पण बर्नरजवळ वितळून कातडीला चिकटतो. मापाचा अंदाज चुकतो म्हणून कॉलेजजवळच्या दुकानात घालून बघून घेतलेला बरा. सँडल चालत नाहीत, पायाची बोटं झाकणारे बूट लागतात.